पोटाला पिशवी, मांडीवर लॅपटॉप: स्टोमा घेऊन फुलटाइम नोकरी

आज पाहुणा नाही, आज मीच पाहुणा. नेहमीसारखं भागाचं लेखी रूप इथे देतोय, फक्त माझे "म्हणजे" आणि "तर" जरा कमी केलेत. आणि मागे जो घरघर आवाज येतोय तो कूलरचा. चंद्रपुरात मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणारा माणूस अजून जन्माला यायचाय, त्यामुळे सांभाळून घ्या.

विषय असा. माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या थोडं खाली, लहान आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं आहे. त्यावर चोवीस तास एक पिशवी चिकटवलेली असते. मी शी तिथूनच करतो. ही पिशवी लावून मी तीन वर्षं फुलटाइम नोकरी करतोय. पहिलं वर्ष ही गोष्ट ऑफिसात कोणालाच माहीत नव्हती. मग एका दुपारी, क्लायंटच्या कॉलवर स्क्रीन शेअर करत असताना, शर्टाला खालून ओलं लागलं.

लीक. ज्यांना पिशवी आहे त्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटला असेल. मी "नेट गेलं" असं चॅटवर टाइप केलं, कॅमेरा बंद केला आणि बाथरूममध्ये पळालो. घरूनच काम करत होतो म्हणून वाचलो. ऑफिसात असतो तर काय झालं असतं, हा विचार करत त्या दिवशी बराच वेळ थंड फरशीवर बसून होतो.

आधी जरा बेसिक. शस्त्रक्रिया करून आतड्याचं किंवा लघवीच्या वाटेचं तोंड पोटावर आणतात, त्याला म्हणतात ऑस्टोमी. त्या तोंडाला स्टोमा. मोठ्या आतड्याचं असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टॉमी, लघवीसाठी असेल तर युरोस्टॉमी. आपल्याकडे घरात, वॉर्डात, सगळीकडे एकच शब्द चालतो: "पिशवी लावली". कारणं वेगवेगळी. कोणाला गुदाशयाचा कॅन्सर, कोणाचा अपघात, कोणाचं टायफॉइडने किंवा टीबीने आतडं फुटलेलं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा. बीटेकच्या शेवटच्या वर्षापासून रक्त पडायचं. औषधं चालेनाशी झाली, वजन ४१ किलोवर आलं आणि नागपूरला घाईघाईत मोठं आतडं काढावं लागलं.

स्टोमा लाल आणि ओलसर असतो, तोंडाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखते ती आजूबाजूची कातडी. आणि त्याला झाकण नाही. कधी चालू होईल हे आपल्या हातात नाही. नोकरीचा सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

म्हणून मी काय केलं? जे इंजिनिअर करतो तेच. लॉग ठेवला. तीन आठवडे मोबाइलमध्ये एक साधी शीट: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, पिशवी किती वाजता रिकामी केली, किती भरली होती. आईला वाटलं पोराला वेड लागलं. पण त्यातून गोष्टी दिसल्या. पहाटे उठल्यापासून काही खाईपर्यंत माझा स्टोमा जवळपास गप्प असतो. जेवल्यावर तासाभरात तो जोरात कामाला लागतो. रात्री नऊला जेवलो तर दोनला उठावं लागतं, सातला जेवलो तर झोप मिळते. तुमचे आकडे वेगळे येतील, पण येतील नक्की. शरीराला घड्याळ असतं, फक्त ते विचारावं लागतं.

त्यावरून दिवस बसवला. प्लेट बदलायची ती पहाटे, चहाच्याही आधी. प्लेट म्हणजे कातडीला चिकटणारी चकती. वन-पीसमध्ये ती पिशवीला जोडलेलीच येते, टू-पीसमध्ये वेगळी असते आणि पिशवी तिच्यावर डब्याच्या झाकणासारखी बसते. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. मोठं कापलं तर उघडी राहिलेली कातडी जळते, कारण लहान आतड्यातून येणाऱ्या पदार्थात पचवणारे रस असतात. ते कातडीलाही पचवायला निघतात, अक्षरशः. सुरुवातीचे महिने मी भोक मोठं कापत होतो. कातडी लाल, ओली. ओल्या कातडीवर चकती चिकटेना, चिकटेना म्हणून लीक, लीक म्हणून कातडी अजून खराब. हे चक्र मी "माझं नशीब" समजत होतो. नंतर नागपूरला एका स्टोमा नर्सने मापपट्टी हातात दिली. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत स्टोमाची सूज उतरते आणि तो लहान होतो, मी मात्र वॉर्डातलंच जुनं माप धरून बसलो होतो. मापपट्टी म्हणजे भोकं पाडलेला एक पुठ्ठा. एवढ्याने माझी नोकरी वाचली असं म्हटलं तरी चालेल.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरेपर्यंत थांबलं की वजनाने चकती ओढली जाते. माझं दिवसाला सहा-सात वेळा होतं. प्रत्येक वेळी चार मिनिटं. सिगरेट ओढणारे यापेक्षा जास्त वेळा खाली जातात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही, हे मी मुद्दाम मोजलंय. स्टँडअप मीटिंगच्या आधी एकदा, जेवणानंतर तासाभराने एकदा, डिप्लॉयमेंटच्या आधी एकदा.

आणि हो, आवाज. स्टोमा आवाज करतो आणि शांत मीटिंगमध्ये नेमका करतो. हाताची घडी घातल्यासारखं करून कोपराच्या पुढच्या भागाने हलकं दाबलं की आवाज दबतो. ऑनलाइन कॉलवर म्यूट. लोकांना वाटतं मी फार शिस्तीचा.

आता पाण्याकडे येतो, कारण आपल्या भागात हाच मुद्दा जिवावर बेततो. मोठ्या आतड्याचं मुख्य काम म्हणजे रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि मीठ परत शोषून घेणं. माझ्याकडे ते आतडंच नाही. म्हणजे मी कायम थोडा गळका माठ. आणि राहतो कुठे? तर जिथे उन्हाळ्यात पारा ४७ च्या पुढे जातो तिथे. पहिल्या उन्हाळ्यात मी शहाणपणा केला, भरपूर पाणी प्यायला लागलो. साधं पाणी, बाटल्यांवर बाटल्या. आणि पिशवी अजून पातळ, अजून वेगाने भरायला लागली. पोटऱ्यांना गोळे, उठलं की चक्कर, लघवी गडद पिवळी.

चूक अशी होती: नुसतं पाणी आतड्यात टिकत नाही, ते मीठ आणि साखर सोबत असेल तरच नीट शोषलं जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. पाकिटावर लिहिलेलं वाचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सलाइन अपुरं पडत असताना हेच पाणी पाजून हजारो माणसं वाचवली होती. तर माझ्या डेस्कवर एक लिटरची बाटली ओआरएसची आणि साधं पाणी त्यापेक्षा कमी. दुपारी मीठ घातलेलं ताक. बाजारात ओआरएससारख्या खोक्यात मिळणारी गोड पेयं नकोत, साखर जास्त झाली की उलटं काम होतं. ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझं ऐकून काही करू नका, मी कोड लिहितो, प्रिस्क्रिप्शन नाही.

उन्हाने अजून एक होतं: चकतीचा गोंद घामाने सुटतो. हिवाळ्यात माझी चकती चार दिवस टिकते, मे महिन्यात दोन. महिन्याचा हिशोब करताना हे धरा. आणि पिशव्यांचं खोकं गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, पण फ्रिजमध्ये नको.

डबा. माझ्या आईचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच होता. आपलं नशीब असं की आपला पट्टा भाताचा. भात, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाणा, दही, यांनी पिशवीतलं घट्ट होतं. अडकणाऱ्या गोष्टी म्हणजे मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेंगदाणे, मशरूम, संत्र्याच्या फोडीवरची साल. म्हणजे बघा, नागपूरच्या संत्र्याचा फक्त रस उरला. पुडाच्या वडीतला सांबार मी खातो, पण एकच वडी आणि बत्तीस वेळा चावून. सावजी रस्सा खाल्ला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकलेली बरी. पण एक गोष्ट गंभीरपणे ऐका: चार-सहा तास पिशवीत काहीच येत नाहीये, पोटात कळा येताहेत आणि उलटी होतेय, तर ते अडकणं असू शकतं. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी घ्यायची नाही, जुलाबाची तर मुळीच नाही, सरळ दवाखाना. स्टोमा जांभळा किंवा काळा दिसला तरी तेच.

बरं, ऑफिस. लीक झाली त्या आठवड्यात मी मॅनेजरला सांगितलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यांनी वाईट हेतूने काही केलं असं मला वाटत नाही. मी सांगितलं, ते गप्प झाले, मग म्हणाले, "तू फक्त तब्येत सांभाळ." दोन आठवड्यांनी कळलं की गडचिरोलीच्या प्रोजेक्टवरून माझं नाव काढलंय. एका कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रकांची नोंद आपोआप व्हावी यासाठीचं सॉफ्टवेअर होतं, निम्मा कोड माझा होता. साइटवर जाणारा माणूसच पुढे लीड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला कोणी विचारलंच नाही. काळजीपोटी!

घरी बाबांनी वेगळंच काढलं. "सोड ते. दोन एकर धान आहे, भुके नाही मरणार आपण." बाबा प्रेमानेच बोलत होते. मला राग आला तो त्या प्रेमाचाच. अठ्ठाविसाव्या वर्षी सगळे मिळून मला प्रेमाने खुर्चीत बसवत होते.

मग मी कायदा वाचला. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. त्यात सिकलसेल आहे, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलची कितीतरी घरं आहेत, त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट झाली. ऑस्टोमी त्यात नाही. म्हणजे नुसत्या पिशवीवर प्रमाणपत्र मिळत नाही आणि आरक्षणही नाही. मला आरक्षण नकोच होतं, पण "मला विचारल्याशिवाय माझं काम काढू नका" हे म्हणायला आधार हवा होता. तो कायद्यात सापडला नाही. शेवटी मी मॅनेजरला एका पानाची मेल लिहिली. मला काय जमतं, काय जमत नाही, काय लागतं. लागतं ते एवढंच: दर दोन-अडीच तासांनी दार लागणारं एक संडास आणि पाणी. जमत नाही ते: जड उचलणं, कारण स्टोमाच्या बाजूने हर्निया होतो. सर्व्हरचा रॅक दुसऱ्या कोणीतरी उचलावा. बाकी सगळं जमतं. एक ट्रिप करून पाहू, नाही जमलं तर मी स्वतः बाजूला होतो.

ती ट्रिप सांगतो. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. ऐंशीएक किलोमीटर. साइट त्याच्याही पुढे, जंगलातल्या रस्त्याने. आदल्या दिवशी मी साइटवरच्या सुपरवायझरला फोन करून संडासाबद्दल विचारलं. ते जरा थबकले, मग म्हणाले, "आहे सर, पण कडी तुटली आहे." मी म्हटलं, कडी लावून घ्या. कोणत्याही सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंटसाठी मी दिलेली ही सगळ्यात महत्त्वाची रिक्वायरमेंट.

सोबत जेवणाच्या डब्याएवढा एक डबा होता: घरी आधीच कापून ठेवलेल्या दोन चकत्या, तीन पिशव्या, टिश्यू, पाण्याची छोटी बाटली, जुना पेपर, काळ्या पिशव्या, आणि बॅगेत शर्ट-पॅंटचा जास्तीचा जोड. कात्री नाही, कापायचं ते घरीच. सीटबेल्ट स्टोमावर दाबतो म्हणून मध्ये एक घडी केलेला रुमाल. सकाळी फक्त दहीभात, तोही थोडा. निघाल्यावर पहिला थांबा मूलच्या बसस्टँडवर. आपल्या देशी संडासात पिशवी रिकामी करणं खरं तर सोपं, उकिडवं बसायचं, पिशवीचं तोंड खाली सोडायचं. आधी भांड्यात थोडं पाणी टाकायचं, नाहीतर शिंतोडे उडतात. वापरलेली पिशवी संडासात टाकायची नाही, पाइप तुंबतो. पेपरात गुंडाळून कचऱ्यात.

साइटवर उकाडा भयंकर. चारच्या सुमाराला चकतीची खालची कड सुटायला लागली हे कळलं, खाज येते तिथे. हे शिकायला मला दीड वर्ष लागलं होतं: लीक अचानक होत नाही, आधी खाज किंवा जळजळ येते. आली की काम जिथे असेल तिथे सोडायचं. मी सोडलं. नव्या कडीच्या संडासात वीस मिनिटांत सगळं बदललं, परत आलो, आणि काट्यावर पहिला ट्रक चढला. वजन स्क्रीनवर आलं तेव्हा मी ज्या जोरात ओरडलो त्यावरून सुपरवायझरला वाटलं मला काही तरी झालं.

पैशाचं थोडक्यात. मला महिन्याला चार-साडेचार हजार लागतात, उन्हाळ्यात जास्त. २०२२ च्या १८ जुलैपासून ऑस्टोमीच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, बिल तपासून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं, पण नंतर दर महिन्याच्या पिशव्यांचं ओझं आपल्याच खिशावर. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. तिकडे उपचार असतील तर नक्की भेटा.

मधेच एक गोष्ट. चिकटणारी, वापरून टाकायची ही पिशवी सुचली ती डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन नावाच्या नर्सला, १९५४ मध्ये. तिच्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं आणि बहीण घराबाहेर पडायला घाबरत होती. एलिसेने आगे लुई-हॅन्सन नावाच्या प्लास्टिक बनवणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरला गाठलं. तो आधी नको म्हणाला. त्याची बायको योहानेही नर्स होती, तिने त्याला तयार केलं. त्यातून पुढे कोलोप्लास्ट कंपनी निघाली. मला या गोष्टीतला नको म्हणणारा इंजिनिअर आवडतो. आपली जात ओळखीची वाटते.

आता ज्यांच्यामुळे हा भाग करावासा वाटला त्यांच्याबद्दल. वॉर्डात माझ्या शेजारी एक काका होते, मूलकडच्या राइस मिलमध्ये हमाली करणारे. गुदाशयाचा कॅन्सर, कायमची कोलोस्टॉमी. मी नोकरीची चिंता बोलून दाखवली तेव्हा हसले. "तुले तं कॉम्प्युटरवर बसाचं हाय गा बाबू. मले पोतं उचलाचं हाय." पन्नास किलोचं पोतं. डॉक्टरांनी सरळ बंद सांगितलं. ईएसआयसीचं कार्ड असतं तर आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो, आणि कॅन्सरसारख्या आजारात, दोन वर्षं सलग नोकरी झालेली असेल तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. पण त्यांच्या ठेकेदाराने कधी नावच नोंदवलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका ठेक्यावर काम करत असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर आजच विचारा, कार्ड आहे का. आजारी पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

काका वर्षभर प्लास्टिकच्या साध्या थैल्या फडक्याने बांधून काढत होते. मग नर्सने त्यांना इरिगेशन शिकवलं. ज्यांची कोलोस्टॉमी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची आहे, त्यांना रोज किंवा दिवसाआड ठरावीक वेळी स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडं एकदाच रिकामं करता येतं. तासभर जातो, पण पुढचे चोवीस तास बहुतेक काही येत नाही, वर छोटी पट्टी लावली की झालं. हे शिकल्याशिवाय करायचं नाही, डॉक्टरांची परवानगी लागते, आणि माझ्यासारख्या इलिओस्टॉमीवाल्यांना तर चालतच नाही. काकांना चाललं. पहाटे चारला उठून करतात. मिलमालकाने त्यांना पोत्यांवरून काढून काट्यावर बसवलंय, पावत्या लिहायला. मजुरी कमी मिळते. मागच्या महिन्यात फोन आला होता, मिलमध्ये कॉम्प्युटर काटा येणार म्हणे, "मंग माया काय होईन गा?"

मी अजून त्यांना नीट उत्तर दिलेलं नाही. या रविवारी मूलला जातोय, लॅपटॉप घेऊन. पावत्या लिहिणाऱ्याला स्क्रीनवर आकडे भरायला किती दिवस लागतात ते बघू, मला वाटतं दोन.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. आता थांबतो. एक तृतीयांश झालीय.